वेळासची कासवं: चिपळूणची संस्था, टोकाचं एक गाव आणि वीस वर्षं टिकलेलं काम

छोट्या गावात पर्यावरणाचं काम म्हणजे काय असतं हे आपल्या सगळ्यांना माहितीये. पाच जूनला झाडं लावायची, विसर्जनानंतर एक दिवस किनारा नाहीतर नदी साफ करायची, मंडळाच्या टोप्या, बॅनर, शेवटी सगळ्यांना वडापाव-चहा आणि फोटो ग्रुपवर. माणसं जमतात, ओळखी होतात, त्याचा उपयोग असतोच. पण पावसाळा संपल्यावर त्या झाडांना पाणी कोण घालणार ह्याचं उत्तर बहुतेक मंडळांकडे नसतं, आणि तीन-चार वर्षांत सगळं थंड पडतं. म्हणून वीसेक वर्षं चाललेलं, ज्या संस्थेने सुरू केलं ती बाजूला झाल्यावरही चालू राहिलेलं आणि गावातल्या घरांमध्ये दोन पैसे आणणारं काम दिसलं की ते नीट उलगडून बघावंसं वाटतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं कासव संवर्धन हे तसं काम. त्याच्या बातम्या भरपूर येतात, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चला पिल्लांचे व्हिडिओ फिरतात, पण ते उभं कसं राहिलं, कुणी कुठल्या वेळी काय ठरवलं, पैसे कुठून कुठे गेले हे फारसं कुणी लिहीत नाही, आणि मला तर तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी गाव. वेळास मंडणगड तालुक्यात, जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या खाडीजवळ. खाडीच्या पलीकडे हरिहरेश्वर, म्हणजे रायगड जिल्हा लागला. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासाची आवड असलेल्यांना नाव माहीत असायचं, बाकी कुणाला नाही. आंबा, काजू, सुपारीच्या वाड्या, थोडी भातशेती आणि मुंबईहून येणारे पैसे ह्यावर चालणारं कोकणातलं कुठलंही गाव असतं तसं हे गाव. घरं मोठी, माणसं कमी. शिमग्याला आणि गणपतीला भरतं, बाकी वर्षभर म्हातारी माणसं आणि ज्यांचा जीव मुंबईत रमला नाही ते. हे मुद्दाम सांगतोय, कारण रिकाम्या खोल्या असलेली मोठी घरं आणि हाताला काम नसलेले थोडे तरुण, ह्या दोन गोष्टी पुढे ह्या प्रकरणात फार कामाला आल्या.

आता संस्था. चिपळूणला १९९२ साली सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था सुरू झाली, भाऊ काटदरे आणि त्यांच्यासारखेच निसर्गाचं वेड असलेले काही लोक. सगळे आपापला नोकरीधंदा सांभाळून हे करणारे. पक्षी बघणं, शाळांमध्ये जाऊन बोलणं, सर्पमित्रांचं काम, जे कुठल्याही तालुक्याच्या गावात एखादा निसर्गप्रेमी ग्रुप करतो ते. फरक असा की ह्यांनी नुसतं बघून नोंदी करण्यावर समाधान मानलं नाही. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्यांची घरटी असतात, ती चोरून विकली जायची, ते प्रकरण त्यांनी लावून धरलं. कोकण किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडांची, म्हणजे त्या पांढऱ्या पोटाच्या मोठ्या गरुडांची, गावोगाव फिरून घरटी शोधली. ह्या गरुडाच्या फिरण्यातच २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तर गावातल्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं, कासवं तर कायम येतात, अंडी घालतात, आणि लोक ती काढून नेतात. थोडी खायला, थोडी विकायला. जी माणसांच्या हाती लागत नाहीत ती कुत्री आणि कोल्हे उकरतात.

इथे थोडं कासवाबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे ऑलिव्ह रिडले, समुद्री कासवांमधलं लहान जातीचं, तरी मादी चाळीसेक किलोची असते. ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला ही लाखांच्या संख्येने एकदम येतात, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आपल्याकडे तसं होत नाही. कोकणात एकेकटी मादी येते, रात्री, भरतीच्या रेषेच्या वर चढून मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, दीड-दोन फूट खड्डा करते, वर अरुंद आणि खाली सुरईसारखा फुगलेला, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि निघून जाते. परत त्या घरट्याकडे बघत नाही. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे दीड-दोन महिने एका ठिकाणी, राखणीला कुणी नाही, आणि मादी वर चढली-उतरली त्याचा पट्टा वाळूत स्पष्ट उमटलेला. चोराला घराचा पत्ताच लिहून ठेवल्यासारखं. कायद्याने कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच, पण रात्री तीन वाजता वेळासच्या किनाऱ्यावर कायदा बघायला कोण येणार होतं?

संस्थेपुढे तेव्हा दोन-तीन रस्ते होते. तक्रार करून चार लोकांवर केस करता आली असती. बोर्ड लावता आला असता, कासव वाचवा, निसर्ग वाचवा. शाळेत चित्रकला स्पर्धा घेता आली असती. ह्यातलं काहीही केलं असतं तरी अंडी गेलीच असती आणि वर गावाशी वाकडं आलं असतं ते वेगळंच. त्यांनी जे केलं ते फार साधं होतं: ज्यांना घरटं अचूक सापडतं त्यांनाच ह्या कामावर घेतलं. अंडी काढणाऱ्या माणसाकडे असलेलं ज्ञान हे कुठल्याही पदवीवाल्याकडे नव्हतं. पट्टा बघून मादी वर गेली ती अंडी घालून परतली की नुसतीच घाबरून फिरली हे त्याला कळतं, ओल्या-कोरड्या वाळूच्या फरकावरून घरट्याचं तोंड कुठे असेल ते कळतं. तेच कसब, फक्त अंडी बाजारात जायच्या ऐवजी हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित ठेवायच्या बंदिस्त जागेत जाणार, आणि त्याचे पैसे मिळणार. सुरुवातीला हे पैसे संस्थेने उभे केले. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी वाचवली गेली आणि अडीच हजारांच्या वर पिल्लं समुद्रात गेली. जिथे आदल्या वर्षापर्यंत बहुतेक सगळी अंडी उचलली जात होती तिथे हा आकडा खूप मोठा आहे.

मला ह्या निर्णयाचं मोल फार वाटतं, कारण आपल्या बहुतेक मंडळांची सवय ह्याच्या बरोबर उलटी असते. जो नुकसान करतो त्याला आपण बाहेर ठेवतो, सभेत त्याच्यावर बोलतो, आणि ज्यांचा त्या गोष्टीशी काही संबंध नाही अशा सुशिक्षित लोकांना घेऊन काम सुरू करतो. वाळू काढणाऱ्याला नदीतलं जेवढं कळतं तेवढं नदी बचाव समितीतल्या किती जणांना कळतं? ह्याचा अर्थ सगळ्यांना माफी करून टाका असा नाही, पण वेळासमध्ये ज्याच्या पोटाचा प्रश्न होता त्याला आधी जवळ बसवलं गेलं.

हॅचरी म्हणजे नेमकं काय हे जवळून बघण्यासारखं आहे. किनाऱ्यावरच, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी वाळूचा एक चौकोन जाळीने बंदिस्त केलेला असतो, जाळी वाळूच्या खालीपर्यंत नेलेली, म्हणजे कुत्रं बाहेरून उकरून आत येऊ नये. पहाटे उजाडायच्या आधी कासवमित्र, म्हणजे राखणीला नेमलेला गावातला माणूस, किनाऱ्यावर फेरी मारतो. पट्टा दिसला की त्याच्या वरच्या टोकाला बसून हाताने वाळू काढतो, फावडं-बिवडं नाही, हातानेच. पहिलं अंडं लागलं की वेग एकदम कमी. आधी घरट्याची खोली मोजायची, मग एकेक अंडं उचलून त्याच घरट्यातली वाळू घातलेल्या टोपलीत ठेवायचं, मोजत मोजत, आणि ते उचलताना फिरवायचं नाही, वरची बाजू वरच राहिली पाहिजे. कारण अंडं घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, मग अंडं उलटं झालं तर गर्भ मरतो. म्हणून सगळा खेळ वेळेचा. दहा वाजता आरामात उठून चहा पिऊन जाण्याचं हे काम नाही. हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी परत ठेवायची आणि वर पाटी: तारीख, अंडी किती, कुठे सापडली, अंदाजे कधी फुटतील. पंचेचाळीस दिवस होत आले की त्या जागेवर बांबूची टोपली उपडी घालून ठेवतात. पिल्लं वर आली की टोपलीखाली जमा होतात.

सकाळी टोपली उचलतात तो क्षण बघायला आता शेकडो लोक येतात. कधी खाली कोरडी वाळू असते, काहीच नाही. कधी वाळूचा मधला भाग थोडा खचलेला असतो, म्हणजे खाली हालचाल सुरू झालीये, आज-उद्यात येतील. आणि कधी साठ-सत्तर काळपट पिल्लं एकमेकांवर चढत असतात, वाळूने माखलेली, प्रत्येकाचं अंग तळहाताच्या निम्म्याएवढं. ती मोजून टोपलीत घेतात आणि समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, थेट पाण्यात नाही. स्वतः चालत जाणं त्यांच्यासाठी गरजेचं असतं असं मानतात, मोठी झाल्यावर मादी साधारण त्याच भागात परत येते, त्या किनाऱ्याची ओळख ह्याच वेळी होत असावी. दोन्ही बाजूंना दोरी, दोरीच्या मागे माणसं. तिथे हा संवाद कायम कानावर पडतो:

"दादा, एकच पिल्लू हातात घेऊन फोटो काढू का?"

"नको ताई, त्याला चालू दे. तुम्ही दोरीच्या अलीकडनंच काढा, चांगला येतो."

हा जो शांतपणे नको म्हणणारा दादा आहे तो गावातला आहे, संस्थेचा नाही आणि सरकारचाही नाही. २००६ साली जेव्हा कासव महोत्सव सुरू केला तेव्हाच तो कुणाच्या नावाने चालणार ह्याचा विचार झाला असणार. गावात कासव मित्र मंडळ झालं, ग्रामपंचायत सोबत आली, आणि पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरात. चिपळूणच्या संस्थेला तिथे रिसॉर्ट काढता आलं असतं किंवा बाहेरच्या टूर कंपनीला सगळं देऊन टाकता आलं असतं, म्हणजे कटकट कमी आणि हिशोब सोपा. तसं न करता घराघरात माणसं उतरवली. पुण्या-मुंबईची मंडळी ओटीवर, माजघरात झोपतात, सकाळी घावन नाहीतर पोहे, दुपारी वरणभात, सोलकढी, कुणाकडे उकडीचे मोदक. संडास-बाथरूम स्वच्छ ठेवणं, चादरी-उश्या पुरेशा असणं, वेळेवर जेवण वाढणं ही सगळी कामं घरच्या बायका करतात आणि पैसे त्यांच्या हातात येतात. मला वाटतं की वेळासचं अर्थकारण बदललं ते इथे. ज्या घरात फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये पाहुण्यांचे पैसे येतात त्या घरातला कुणी अंड्यांना हात लावेल का? आणि दुसऱ्या कुणी लावला तर ते घर गप्प बसेल का? रात्रीची राखण करणारे दोन-चार जण होते ते एकदम सगळं गाव झालं.

बरं, महोत्सव काम सुरू झाल्यावर चार वर्षांनी आला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आधी २००२ पासून नुसतं काम, घरटी शोधा, वाचवा, नोंदी ठेवा, आणि त्याच वेळी किनाऱ्यावरच्या बाकी गावांमध्येही फिरून कुठे कुठे कासवं येतात ते बघितलं गेलं. आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर, खाली सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग, अशी गावं मिळत गेली. कामाची घडी बसली, घरटं हलवायची पद्धत पक्की झाली, पिल्लं निघण्याचं प्रमाण बरं आहे हे कळलं, मग लोकांना बोलावलं. आता अनेक ठिकाणी मी बघतो की आधी महोत्सव ठरतो, लोगो होतो, पाहुणे येतात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पिल्लं सोडली जातात आणि किनाऱ्यावर पहाटे फिरणारा माणूस एकच, तोही एखाद्या दिवशी आजारी असतो. लग्नाआधी बारशाची तयारी झाली ही.

पुढच्या टप्प्यात सरकार आलं. सह्याद्री निसर्ग मित्रने अनेक वर्षं चालवून हे काम हळूहळू वनखात्याच्या हातात जाऊ दिलं, आणि खारफुटी आणि किनाऱ्याचं काम बघणाऱ्या राज्याच्या कांदळवन कक्षाचं, कांदळवन प्रतिष्ठानचं पाठबळ मिळालं. संस्थांना हे जमत नाही खरंतर. आपण उभं केलेलं काम, ज्यावर आपलं नाव आहे, ज्याचे पुरस्कार मिळतायत, ते दुसऱ्याला चालवू देणं सोपं नाहीये. भल्याभल्या संस्था इथे अडकतात आणि मग संस्थापकाचं वय झालं की कामाचंही वय होतं. इथे किनारा गावाने सांभाळला, पैसे आणि कायद्याची बाजू खात्याने, आणि संस्था बाकीच्या कामांना मोकळी झाली. गावातल्या ज्या पोरांनी सुरुवातीला टोपल्या उचलल्या त्यातले काही पुढे दुसऱ्या गावांना हे काम शिकवायला लागले.

शास्त्राचा भाग नंतर जोडला गेला आणि त्याने चित्र बरंच मोठं झालं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग, म्हणजे ती कुठे फिरते ते उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र, बसवला, भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान ह्यांनी मिळून, तिचं नाव प्रथमा. मग आंजर्ल्याला सावनी, गुहागरला वनश्री, लक्ष्मी, रेवा. २०२३ ला गुहागरला बागेश्री आणि गुहा. ह्यातली बागेश्री दक्षिणेला जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि जानेवारी २०२५ मध्ये तर गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर जुना टॅग सापडला, तो २०२१ साली ओडिशात लावलेला. म्हणजे पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी अशी जी एक सरळ समजूत होती तिला धक्का बसला. कोकणातल्या लहानशा किनाऱ्यावर चाललेलं राखणीचं काम एका अख्ख्या महासागराशी जोडलेलं आहे हे गावातल्या माणसाला नकाशावर दाखवता येतं आता, आणि प्रथमा आज कुठे आहे असं लोक घरच्या मुलीची चौकशी करावी तसं विचारायचे.

आता अडचणी, कारण त्या बाजूला ठेवून हे प्रकरण लिहिलं तर जाहिरात होईल. पहिली अडचण गर्दी. शनिवार-रविवारी एवढ्याशा गावात गाड्यांच्या रांगा, रस्ता अरुंद, किनाऱ्यावर एका वेळी शे-दोनशे माणसं. पिल्लं पंधरा-वीसच असतील तर मागच्याला काही दिसत नाही, मग तो पुढे सरकतो, लहान मुलं दोरीखालून शिरतात. ओल्या वाळूत बुटांचे खड्डे पडतात आणि तेवढ्याशा पिल्लाला तो खड्डा म्हणजे डोंगरदरी असते. दुसरी, जास्त नाजूक अडचण वेळेची. निसर्गात पिल्लं बहुतेक रात्री बाहेर येतात, अंधारात, वाळू थंड असताना, आणि बाहेर आल्या आल्या पहिल्या काही तासांत अंगातली सगळी ताकद लावून खोल समुद्राकडे पोहत सुटतात. त्यांच्या शरीरात ती ताकद मोजकीच असते. महोत्सवात सोडायची वेळ सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. रात्री दोनला वर आलेली पिल्लं टोपलीखाली सकाळपर्यंत धडपडत राहिली तर ती ताकद तिथेच खर्च होते. म्हणून टोपल्या रात्रीतही बघितल्या पाहिजेत आणि पिल्लं आली असतील तर लगेच सोडली पाहिजेत, मग सकाळी पर्यटकांना काही दिसो न दिसो. मला ह्या बाबतीत मधला मार्ग मान्य नाही. दोनशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाला आज नाही दिसलं असं सांगता आलं पाहिजे, आणि वेळासमध्ये पिल्लं दिसतीलच अशी खात्री कुणी देत नाही हे चांगलंच आहे.

तिसरी गोष्ट तापमानाची. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं, साधारण एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास दोन्ही होतात, वाळू त्याहून गरम असली तर माद्या जास्त, थंड असली तर नर जास्त. आणि पस्तीसच्या पुढे सतत राहिलं तर गर्भ जगतच नाहीत. घरटं हॅचरीत नेलं म्हणजे सगळ्या घरट्यांचं तापमान एका जागेवर अवलंबून राहिलं. कोकणात मार्च-एप्रिलमधलं ऊन गेल्या काही वर्षांत काय झालंय ते सगळे अनुभवतायत. म्हणून हॅचरीवर सावलीची जाळी लावतात, पण किती सावली, कधीपासून, ह्याला रोजचं मोजमाप लागतं. कासवांवर काम करणारे शास्त्रज्ञ म्हणूनच सांगतात की जिथे राखण शक्य आहे तिथे घरटं जागच्या जागी ठेवून वरून जाळी लावा, हलवणं हा शेवटचा उपाय. ज्या गावात चोरी जवळजवळ थांबलीये तिथे हळूहळू असं करायला हरकत नसावी, अर्थात भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त झाला तर.

२०२० मध्ये ह्या सगळ्याची परीक्षा झाली. मार्चमध्ये ऐन हंगामात लॉकडाऊन, पाहुणे शून्य. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं, म्हणजे वेळासच्या अगदी शेजारी. मंडणगड-दापोलीत पिढ्यानपिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे-कौलं उडाली, कित्येक गावं दिवसचे दिवस वीज नसताना राहिली. होमस्टेचे पैसे गेले आणि बागेचे पण गेले. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेतं, त्यामुळे ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांना पुढचा हिशोब परत पहिल्यापासून मांडायला लागला. आणि तरीही घरटी शोधायचं आणि राखायचं काम चालू राहिलं. पर्यटनावर उभं राहिलेलं संवर्धन पर्यटन बंद पडलं की कोसळतं, अशी टीका बऱ्याच ठिकाणी खरी ठरते. इथे ती ठरली नाही त्याचं कारण मला असं वाटतं की राखणीचे पैसे आणि पाहुण्यांचे पैसे ह्या दोन वेगळ्या नळांतून येत होते. कासवमित्राचं मानधन होमस्टेच्या बुकिंगवर अवलंबून नव्हतं.

घरट्यांच्या आकड्यांबद्दल एक सांगतो. राज्याच्या किनाऱ्यावर मिळणारी घरटी गेल्या काही वर्षांत वाढतायत अशा बातम्या येतात आणि आनंद वाटतो. पण आकडा वाढण्याची दोन कारणं असू शकतात, कासवं खरंच जास्त आली किंवा बघणारी माणसं आणि गावं वाढली. ऑलिव्ह रिडलेची मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणजे २००३ च्या आसपास वेळासहून सोडलेली पिल्लं जगली असतील तर ती अंडी घालायला २०१५ नंतर यायला लागली असणार. वेळ जुळते. तरीही खात्रीने म्हणायचं तर एकाच किनाऱ्यावर, तेवढ्याच फेऱ्या मारून, वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी लागतात, आणि वेळासकडे त्या सुरुवातीपासून आहेत. कुठल्याही मंडळाने नदी, तळं, पक्षी, झाडं काहीही हातात घेतलं तरी पहिल्या दिवसापासून वही ठेवा, तारीख, कोण होतं, किती वेळ फिरलो, काय दिसलं. काहीच दिसलं नाही त्या दिवसाचीही नोंद करा, ती सगळ्यात आधी विसरली जाते.

राहिला प्रश्न पुढच्या माणसांचा, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. ज्यांनी २००२ मध्ये विशी-पंचविशीत फेऱ्या सुरू केल्या ते आता पन्नाशीकडे आलेत. घरी पाहुणे ठेवण्यात पैसे आहेत, मान आहे, पहाटे चारला थंडीत एकट्याने किनारा चालण्यात दोन्ही कमी. हंगाम संपला की मानधनही संपतं, आणि मुलगा दहावी-बारावी झाला की त्याला मुंबई-पुणं दिसतं, त्यात त्याचा काय दोष. माझ्या मते ज्या गावांना हे काम नव्याने सुरू करायचंय त्यांनी पहिल्याच वर्षी ग्रामसभेत ठराव करून टाकावा की घरी उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे एक ठराविक रक्कम राखणीच्या वेगळ्या खात्यात जाईल आणि त्यातनं कासवमित्राला पावसाळ्यातही, किनाऱ्यावर काम नसतानाही, महिन्याला काहीतरी मिळेल. रक्कम लहान असली तरी चालेल. खातं मंडळाच्या अध्यक्षाच्या नावावर नको, ग्रामपंचायत आणि मंडळ दोघांच्या सहीचं हवं, आणि वर्षाचा हिशोब शिमग्याला गाव जमतं तेव्हा देवळात सगळ्यांसमोर वाचून दाखवावा. तेव्हा चाकरमानीही गावात असतात, प्रश्न विचारायला कुणी कमी पडत नाही.